शनिवारचं पुलपिट

अण्णा,

आई गेली. तुम्हाला हे माझ्याआधी कळलं असणार, असं आपल्या चर्चमधली माणसं म्हणतात. तुम्ही वर स्वर्गाच्या दारात तिची वाट बघत उभे होता म्हणे. मला ते चित्र काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. तुम्ही आईसाठी दारात थांबलेले मी कधी पाहिलेच नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणून तुम्ही पुढे चालायचात, लोकांचे सलाम घेत, आणि आई मागून यायची, एका हातात पवित्र शास्त्र आणि दुसऱ्या हातात प्रभुभोजनाच्या पेल्यांची पिशवी सांभाळत. पेले काचेचे, म्हणून तिची चाल हळू. तुम्ही एकदाही मागे वळून पिशवी घेतली नाहीत. मी कसबा बावड्याच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालंय, खिडकी बंद केली तरी मळीचा वास आत येतोच. समोर ओट्यावर आईचं मनुका उकळायचं पातेलं पालथं पडलंय. लोक समजतात मी दुःखात आहे. दुःख आहेच, पण त्याच्यापेक्षा मी चिडलेली जास्त आहे, आणि चिडायला तुमच्याइतकं योग्य माणूस मला दुसरं कुणी सापडत नाही.

त्या पातेल्यापासूनच सुरुवात करते, कारण तुम्ही त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नसेल. महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा. आदल्या दिवशी सकाळी आई काळ्या मनुका निवडायची, देठ काढायची, पाण्यात भिजत टाकायची आणि संध्याकाळी मंद आचेवर उकळायची. मग पांढऱ्या फडक्यातून पिळून काढायची. बोटं जांभळी व्हायची, आणि तो रंग सोमवारपर्यंत नखांत राहायचा. मग पावाच्या कडा कापून त्याचे तुकडे. कडा मला दुधात मिळायच्या. रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये जाऊन ती टेबलावर पांढरं कापड घालायची, पेले भरायची, वर दुसरं कापड झाकायची आणि बायकांच्या बाजूला, डावीकडे, तिसऱ्या बाकावर जाऊन बसायची. तिथून पुढे त्या टेबलाला तिचा हात लागणं बंद. ताटं फिरवायची ती चर्चच्या पंचांनी. पुरुषांनी. तिनंच पिळलेला रस एखादा पंच ताटातून तिच्यापुढे धरायचा आणि ती पदर डोक्यावर नीट ओढून, मान खाली घालून एक पेला उचलायची, जणू तिनं तो आधी कधी पाहिलाच नव्हता. उपासना संपली की उष्टे पेले परत तिच्याकडे. ते धुण्याबद्दल शास्त्रात काही मनाई नव्हती बहुतेक.

आणि शनिवारची दुपार तुमची. ती माझीसुद्धा होती, हे तुम्हाला आठवतं का? चर्चमध्ये तेव्हा माईक नव्हता. तुम्ही उपदेश पाठ करायला रिकाम्या चर्चमध्ये जायचात, लेंगा-बंडीवर, खांद्यावर टॉवेल टाकून, आणि मला बरोबर न्यायचात. मी शेवटच्या बाकावर बसायची. बायकांच्या बाजूचा तो बाक, जिथे कानानं कमी झालेल्या म्हाताऱ्या बसत. तुम्ही पायऱ्यांवरच्या लाकडी पुलपिटामागे, उपदेशाच्या कठड्यामागे उभे राहून बोलायचात आणि मध्येच थांबून विचारायचात, "ऐकू येतंय का गं?" रविवारी तुमची मराठी इस्त्री केलेली असायची, शनिवारी मात्र तुम्ही आपल्या हातकणंगल्याकडच्या गावचे व्हायचात. मग एक दिवस म्हणालात, "आता तू वर जा. मला मागनं ऐकू दे, कसं वाटतंय." मी पायऱ्या चढून वर गेले. पुलपिट माझ्या हनुवटीपर्यंत यायचं, म्हणून तुम्ही पायाखाली गायनपुस्तकांची पेटी दिलीत. मी वाचतेय आणि तुम्ही शेवटच्या बाकावर पाय पसरून, डोळे मिटून ऐकताय. "पैल्या बाकासाठी वाचू नगंस. पैल्या बाकाला सगळं म्हाईत असतंय. शेवटच्या बाकाला पोचलं पायजे." असं तुम्ही ओरडून सांगताय. आणि पुन्हा, "वाक्याच्या शेवटाला आवाज पडतुय तुझा. शेवटचा शब्द खाऊ नगंस. त्यो खाल्लास तर देव हाय का न्हाय त्येच कळायचं न्हाय लोकास्नी!" मी हसते, तुम्हीही हसता. घरी जाताना तुम्ही खिशातून खडीसाखर काढून एक खडा मला देता, एक स्वतःच्या तोंडात टाकता, घशासाठी. किती शनिवार असे गेले कोण जाणे. मला वाटायचं, तुम्ही मला तयार करताय. कशासाठी, हे मी विचारलं नाही. लहान मुलीला वाटतं की शिकवणारा माणूस काहीतरी ठरवूनच शिकवत असणार.

मग तो रविवार. शास्त्रवाचन करणारे गृहस्थ गावाला गेले होते आणि कुणाला सांगून गेले नव्हते. तुम्ही "आता शास्त्रवाचन होईल" म्हणालात आणि खुर्चीवर बसलात. कुणी उठेना. पुरुषांच्या बाजूला सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी उठले, बाकातून बाहेर आले आणि वर गेले. तुम्ही म्हणाल, धीट होती पोरगी. धीट वगैरे काही नव्हते मी. मला खरंच वाटलं की हे माझं काम आहे. जे शनिवारी करते तेच करायचं, फक्त आज बाक भरलेत, एवढाच काय तो फरक. पेटी नव्हती, म्हणून टाचा उचलून उभी राहिले. पहिलं वाक्य वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत आवाज धरून. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं मान डोलावलेली मला दिसली. आणि मग तुमचा आवाज आला, शेजारच्या खुर्चीतून, "मुली, खाली जा." घरात तुम्ही मला कधी मुली म्हणाला नाहीत. बाय म्हणायचात, पोरी म्हणायचात. ते 'मुली' परक्या मुलीला म्हणतात तसं होतं. मी खाली आले. पायऱ्या उतरताना माझी चप्पल वाजली, तेवढाच आवाज अख्ख्या चर्चमध्ये. तुम्ही उठलात आणि तो पाठ पहिल्यापासून वाचलात. मी वाचलेलं वाक्यसुद्धा पुन्हा वाचलंत. ते मी तुम्हाला आजही माफ केलेलं नाही. खाली जा म्हणालात, ते समजू शकते. मंडळी बघत होती, पंच बघत होते. पण माझ्या तोंडून निघालेलं वाक्य वाचलंच गेलं नाही असं धरून तुम्ही पुन्हा सुरुवात केलीत, तिथं माझं आणि तुमचं बिनसलं.

दुपारी जेवताना मी विचारलं, शनिवारी चालतं तर रविवारी का नाही. तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणालात, "शनवारी ती नुसती खोली असती. रविवारी ते देवाचं घर." मी म्हटलं, "मग देव शनवारी कुटं जातोय?" आई चुलीपाशी होती. ती फस्सकन हसली. तोंडावर पदर धरला, तरी हसू बाहेर आलंच. तुम्ही ताट सरकवून उठलात. रविवारचं मटण तसंच टाकून उठलात, म्हणजे राग किती असेल. त्या संध्याकाळी तुम्ही मला समोर बसवून शास्त्रातलं पौलाचं पत्र उघडलंत आणि बायकांनी मंडळीत गप्प राहावं, काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं, हे मला समजावून सांगितलंत. मला तेव्हा नवरा नव्हता, पुढेही झाला नाही, त्यामुळे माझे प्रश्न बाप असेपर्यंत बापाकडेच राहिले असते. पण पुढच्या शनिवारी तुम्ही एकटेच चर्चमध्ये गेलात. मी चप्पल घालून दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "आईला मदत कर जा." मी आत जाऊन मनुकांचे देठ काढत बसले. खडीसाखर बंद झाली, शनिवार बंद झाले, आणि तुम्ही कधीही, एका शब्दानंही, त्याबद्दल बोलला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. तुमच्या मातीला पंच एकामागून एक पायऱ्या चढून बोलले. मला कुणी विचारलंही नाही.

नोकरी कुठे, तर इचलकरंजीला, मराठीची शिक्षिका. शाळेला लागूनच यंत्रमागांचे कारखाने. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर खडखडाट, बंद कराव्यात तर पोरं उकडून निघतात. मी उघड्या ठेवल्या आणि मागांच्या आवाजाच्या वरून शिकवलं. नवीन शिक्षक आले की महिनाभरात घसा बसून रजेवर जायचे. माझा कधी बसला नाही. वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या विणकरांची पोरं शेवटच्या बाकावर बसायची, त्यांना मराठी नीट कळायची नाही, आणि मी त्यांच्यासाठीच बोलायची. का, ते तुम्हाला माहीत आहे. दर रविवारी मात्र मी चर्चमध्ये डावीकडे, तिसऱ्या बाकावर, आईशेजारी गप्प. आठवडाभर शेकडो पोरांना शिकवणारी बाई रविवारी दोन ओळींची घोषणासुद्धा वर जाऊन करू शकत नाही. महिला मंडळाची वर्गणी, मंडळाची सभा, जे काही असेल ते पायरीच्या खाली उभं राहून सांगायचं. खालून बोललं की ती साक्ष, वरून बोललं की तो उपदेश. ही वाटणी तुम्ही करून दिलीत. शास्त्रात पायरीचा उल्लेख कुठे आहे, हे मी खूप शोधलं. सापडला नाही.

आणि शास्त्र मीही वाचते, अण्णा. तुमच्याइतकंच, कदाचित जास्त, कारण मला ते वाचून कुणाला गप्प बसवायचं नसतं. ज्या पत्रात पौल बायकांना गप्प राहायला सांगतो, त्याच पत्रात थोडं आधी तो सांगतो की बायकांनी प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. आता गप्प बसलेली बाई संदेश कसा देणार? वर्गातल्या पोरानं असा निबंध लिहिला असता तर मी त्याला उभं करून विचारलं असतं, बाबा रे, तुला नक्की काय म्हणायचंय? तुम्ही पौलाला विचारलं नाहीत. त्यातलं डोकं झाकणं तेवढं उचललंत, बोलणं सोडून दिलंत. तुम्ही दर पुनरुत्थानाच्या रविवारी, पहाटेच्या उपासनेत, येशूच्या रिकाम्या कबरेची गोष्ट सांगायचात. कबरेवर कोण गेलं? बायका. जाऊन सांगा, असं कुणाला म्हटलं गेलं? बायकांना. आणि शिष्यांना ती वायफळ बडबड वाटली, हेही तुम्ही सांगायचात, आणि अशा सुरात सांगायचात की बिचाऱ्या शिष्यांची चूक झाली. मी समोर बसून ऐकायची. वाटायचं, आता तरी स्वतःचं स्वतःला ऐकू येईल. तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, पुलपिटामागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत मात्र पोचत नव्हता.

या पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. डोकं शेवटपर्यंत ठणठणीत. एके दुपारी मी तिच्याजवळ लसूण सोलत बसले होते आणि ती म्हणाली, "माझ्या मातीला उपदेश तू करायचास." मी म्हटलं, मी साक्ष देईन की, सगळे देतात. तिनं माझा हात धरला. "खालनं न्हवं. वरनं." मी म्हटलं, पंच ऐकायचे नाहीत. "न्हाय ऐकूदेत. मी काय बघायला येणार हाय?" म्हणाली आणि स्वतःच हसली, त्या दिवशी चुलीपाशी हसली होती तशीच. मग म्हणाली, "तवा मीच तुला ढकललं. मला वाटलं, ते काय बोलणार न्हाईत. सोताच शिकीवलं हुतं की त्येनी." हे तुम्हाला माहीत नव्हतं, अण्णा. त्या रविवारी मी आपणहून उठले नव्हते. कुणी उठेना तेव्हा माझ्या बरगडीत आईचं कोपर लागलं आणि ती पदराआडून पुटपुटली, "जा की." तुम्ही ज्या पोरीला खाली पाठवलंत, तिला वर पाठवणारी तिसऱ्या बाकावर बसलेली तुमची बायको होती. मी कधी तुम्हाला सांगितलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. मी हे विसरले असेन असं तिला वाटत होतं बहुतेक. मी विसरले नव्हते, पण तिनं ते इतकी वर्षं मनात धरून ठेवलंय, हे मला माहीत नव्हतं. तिला आयुष्यात तुमच्याकडून एक गोष्ट हवी होती, आणि तुम्ही नाही दिलीत म्हणून तिनं ती शेवटी माझ्याकडे मागितली.

ती गेली तेव्हा मी शेजारीच होते. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आपल्या नर्सबाई, आईची आयुष्यभराची मैत्रीण, त्यांनी तिला स्वच्छ केलं, पांढरी साडी नेसवली. तेवढ्यात पंचांचे सेक्रेटरी आले, सोबत आताचे पाळक. पाळक तरुण आहेत, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. सेक्रेटरी तुम्हाला आठवतील, शाळकरी असताना आईच्या रविवारच्या वर्गात यायचे. शास्त्रातल्या पुस्तकांची नावं क्रमानं येईनात म्हणून आईनं त्यांना गाण्याच्या चालीवर पाठ करायला लावली होती. बारा वर्षांचे झाले आणि त्यांना पुरुषांच्या वर्गात हलवलं, कारण त्यापुढे बाईनं मुलग्यांना शिकवायचं नाही, हीही तुमचीच रीत. ते आईच्या पायाशी हात जोडून उभे राहिले, डोळे पुसले, खरेच पुसले, आणि मग म्हणाले, "बाई, उद्याचं असं ठरवूया. उपदेश पाळकसाहेब करतील. तुम्ही खालनं दोन शब्द साक्ष द्या." मी आईची इच्छा सांगितली. ते म्हणाले, "आवो, रीत कुणाची हाय? तुमच्या वडलांचीच की. आमी कशी मोडायची? साहेबांस्नी काय वाटलं असतं?" मी म्हटलं, "साहेब मेलेत." मी पाळकांकडे पाहिलं. ते म्हणाले, माझी व्यक्तिशः काही हरकत नाही, पण पंचांचा निर्णय. मी म्हटलं, तुमची व्यक्तिशः हरकत असती तर बरं झालं असतं, निदान भांडायला माणूस तरी मिळाला असता. नर्सबाई आतून म्हणाल्या, "आधी हिला घालवूया गा, मग भांडा."

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. आईची शवपेटी टेबलापुढे, ज्या टेबलावर तिनं इतकी वर्षं पांढरं कापड अंथरलं त्याच्यापुढे. पाळकांनी उपदेश केला, गोड होता, कुणाच्याही मातीला चालला असता. मग ते म्हणाले, "आता कुटुंबातर्फे दोन शब्द," आणि पायरीखाली येऊन त्यांनी हातातला माईक मला दिला. मी तो घेतला, पहिल्या बाकावर ठेवला आणि पायऱ्या चढले. मागून कुणीतरी "बाई, बाई" म्हणालं. पुलपिट आता माझ्या कमरेशी येतं. त्याच्यावर बसवलेला दुसरा माईक आहे, मी त्याच्यात पहिलं वाक्य बोलले, आणि दुसऱ्या वाक्याला तो गेला. सेक्रेटरींची खुर्ची अॅम्प्लिफायरच्या शेजारी असते. त्यांनी बटण बंद केलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या गायनपुस्तकाकडे बघत होते. चर्चमध्ये सगळीकडे कुजबुज सुरू झाली. आणि मला हसू आलं, अण्णा. आईच्या पेटीसमोर मला हसू आलं. जिनं इचलकरंजीच्या मागांच्या आवाजावरून बोलत आयुष्य काढलंय, तिचा माईक बंद करून काय होणार होतं? मी नर्सबाईंकडे पाहिलं. कानानं कमी झाल्यापासून त्या शेवटच्या बाकावर बसतात. मी विचारलं, "मागं ऐकू येतंय का?" नर्सबाई उभ्या राहिल्या आणि अख्ख्या मंडळीच्या डोक्यावरून ओरडल्या, "येतंय की! बोल तू!" पौलाच्या मनाईचं जे काही उरलं होतं ते तिथं संपलं. मग कुजबुज थांबली आणि मी बोलले. मनुका कशा निवडायच्या ते सांगितलं. जांभळ्या नखांबद्दल सांगितलं. या टेबलाशी तिचा हात कुठे थांबायचा ते सांगितलं. कबरेवर पहिल्यांदा कोण गेलं होतं, हे विचारलं आणि उत्तराची वाट बघितली, वर्गात बघते तशी. उजवीकडून उत्तर आलं नाही, डावीकडून आलं. तुमचा उल्लेख एका वाक्यापुरता झाला, त्याच्याकडे मी शेवटी येते.

मला वाटलं होतं, आता भांडण होईल. मी तयारीत होते. कबरस्तानात माती लोटून झाल्यावर सेक्रेटरी माझ्याकडे आले. हाताला माती लागलेली. डोळे भरलेले. म्हणाले, "बाई, काय बी म्हणा. डोळं मिटून ऐकलं तर पाळकसाहेबच बोलल्यागत वाटलं. तस्सा आवाज!" आणि मागे उभी असलेली दोन-चार माणसं म्हणाली, व्हय व्हय, अगदी साहेब. अण्णा, मी पायऱ्या चढले, रीत मोडली, आईची इच्छा पुरी केली, त्यांनी माईक बंद केला तरी बोलले, आणि लोकांना काय ऐकू आलं? तुम्ही. त्यांना मला माफ करायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी मला तुम्ही करून टाकलं. बाई बोलली हे पचायला जड, साहेब बोलले हे सोपं. आईच्या मातीतसुद्धा शेवटी तुम्हीच आलात. मी नर्सबाईंचा हात धरून रिक्षात बसले. त्या दिवसापासून हा राग माझ्या पोटात आहे, आणि म्हणून हे लिहायला बसले.

मागच्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. माईकचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. म्हणाले, "बाई, रविवारी प्रभुभोजन हाय. मनुकांचं तेवढं बघताय नव्हं? आईंचं पातेलं तुमच्याकडंच हाय." मी म्हटलं, बघते की, पण मग ताट मी फिरवणार. मग म्हणाले, विचारून सांगतो. कुणाला विचारणार होते कोण जाणे. सांगितलं नाही. काल रविवारी पेल्यांत बाजारातलं द्राक्षाचं सरबत होतं, बाटलीतलं, गोडमिट्ट. पंच ताट घेऊन बाकाबाकापाशी फिरत होते आणि पिणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. सेक्रेटरींनी पेला तोंडाला लावला आणि डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे, आईच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिच्या शेजारी मी बसले होते, त्यामुळे त्यांना माझ्याकडेही बघावं लागलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा फोन करतील असं मला वाटतं. माझं म्हणणं तेच राहील. पातेलं मी घासून ठेवलंय.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. पौलाची पत्रं माणसांच्या हातून गेली, पोचली, मंडळ्यांत मोठ्यानं वाचली गेली, आणि त्यातल्या दोन ओळी आईच्या आयुष्यभर पुरल्या. माझं हे मी खणातसुद्धा ठेवणार नाही. पण समजा तुमचा पत्ता असता, तरी मी ते टाकलं नसतं. कारण तुम्ही सगळं वाचून, माझा सगळा राग बाजूला ठेवून, एवढंच विचारलं असतं, शेवटच्या बाकाला सगळं पोचलं का गं? आणि मला तुमच्याशी खोटं बोलता आलं नसतं. सगळं पोचलं, अण्णा, एक वाक्य सोडून. इथं उभं राहून वाचायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं, असं ते वाक्य होतं. त्याच्या शेवटाला माझा आवाज पडला. शेवटचा शब्द मी खाल्ला.